जुन्या ग्राफिक्स कार्डाचा बंद पडलेला पंखा बदलताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी गोव्यात डिचोलीला राहतो. कॉम्प्युटर दुरुस्ती हा माझा धंदा नाही, पण घरातली आणि शेजारपाजारची ग्राफिक्स कार्डं उघडता उघडता हात बसला. माझ्याकडे येणाऱ्यांत देवळातल्या उत्सवात झालेल्या नाटकाचं शूटिंग एडिट करणारे असतात, ब्लेंडर हे थ्रीडी चित्रांचं सॉफ्टवेअर शिकणारी कॉलेजची मुलं असतात, चवथीच्या सुट्टीत भावंडांसोबत गेम खेळणारे असतात. बहुतेकांकडे जुनी कार्डं: एनव्हीडियाची जीटीएक्स ७५० टीआय, ९६०, १०५० टीआय, नाहीतर एएमडीचं आरएक्स ५८०. ‘कार्ड गेलं’ असं सांगत येतात, आणि बऱ्याचदा गेलेला असतो तो फक्त पंखा. काही शे रुपयांच्या पंख्यापायी चांगलं कार्ड भंगारात जाताना पाहिलं की जीव तुटतो. म्हणून लोक मला नेहमी जे विचारतात ते इथे एकत्र लिहून ठेवलं आहे.

पंखा फिरत नाही. म्हणजे तो गेलाच ना?

लगेच तसं धरू नका. २०१४ च्या आसपास बऱ्याच कंपन्यांनी अशी कार्डं आणली की ज्यांचे पंखे कार्ड थंड असताना मुद्दाम थांबलेले असतात. आसूसची स्ट्रिक्स मालिका आणि एमएसआयची त्या काळातली ट्विन फ्रोझर कार्डं ही त्यातली ओळखीची नावं. नुसता ब्राउझर उघडून बसलात तर असा पंखा तासभरही हलणार नाही, आणि ते बरोबरच आहे. तापमान साधारण साठ अंशांजवळ गेलं की तो आपोआप सुरू होतो.

म्हणून आधी कार्डाला काम द्या. जीपीयू-झेड नावाचं छोटं मोफत सॉफ्टवेअर उघडा, त्यातल्या सेन्सरच्या पानावर तापमान आणि पंख्याचा वेग दिसतो. शेजारी युनिजिन हेवन हे कार्डाला कामाला लावणारं चाचणीचं सॉफ्टवेअर चालू करा आणि कॅबिनेटचं झाकण उघडं ठेवून बघत राहा. तापमान सत्तरच्या पुढे गेलं आणि पंखा तरीही ढिम्म, तर मात्र बिघाड आहे. स्वस्त कार्डांवर दोनच वायरींचा पंखा असतो. तिथे पंखा चालू असला तरी वेगाचा आकडा दिसत नाही, तेव्हा नुसत्या आकड्यावर जाऊ नका, डोळ्यांनी बघा.

बिघाड पंख्यात आहे की कार्डात, हे कसं ओळखायचं?

कॉम्प्युटर पूर्ण बंद करा, मागची वायर काढा आणि पंख्याचं पातं बोटाने हळूच ढकला.

ते अडखळत, चिकटल्यासारखं फिरलं तर बेअरिंग संपलं आहे. आतलं वंगण सुकलं, त्यात धूळ मिसळली आणि त्याची पेस्ट झाली. असा पंखा कधीकधी बोटाने धक्का दिल्यावर चालू होतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत अडतो.

पातं अगदी मोकळं फिरत असेल, पण वीज दिल्यावर हलत नसेल, तर दोष विजेच्या बाजूला आहे. या पंख्यांच्या मोटरीत कार्बन ब्रश नसतो. आत एक छोटी आयसी, म्हणजे चिप, असते, ती चुंबकाची जागा ओळखून गुंडाळ्यांना आळीपाळीने वीज देते. ही आयसी गेली किंवा तिचा एखादा सोल्डरचा टाका गंजला की पंखा संपला. त्याला कितीही तेल घातलं तरी उपयोग नाही.

तिसरी शक्यता, पंखा ठीक आहे पण कार्डच त्याला वीज देत नाही. हे तपासायला मी मल्टीमीटरमध्ये असते तशी ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी वापरतो. पंख्याचा कनेक्टर कार्डावरून काढायचा आणि जमिनीची (ग्राउंडची) वायर बॅटरीच्या उणे टोकाला, १२ व्होल्टची वायर अधिक टोकाला क्षणभर टेकवायची. चांगला पंखा ९ व्होल्टवरही फिरतो, फक्त थोडा सावकाश. टोकं उलटी लावू नका, आतली आयसी त्यानेही जाऊ शकते. बॅटरीवर फिरला आणि कार्डावर फिरत नाही, तर पंखा मागवून पैसे वाया जातील. अशा वेळी कॅबिनेटचा मोठा पंखा बांधायचा उपाय आहे, तो पुढे दिला आहे.

घरघर आवाज येतो, पण फिरतो. अजून किती दिवस चालेल?

आठवडाही जाईल, वर्षही जाईल. आवाज सुरू झाला की नवा पंखा मागवून ठेवावा, कारण गोव्यात तो दुकानात पटकन मिळत नाही. कार्ड सरळ उभं केल्यावर आवाज बदलला तर बेअरिंग झिजलं आहे, यात शंका नको.

पंखा बंद असताना कॉम्प्युटर वापरला तर कार्ड जळेल का?

एका झटक्यात जळत नाही. कार्ड स्वतःला वाचवतं: तापलं की वेग कमी करतं, फारच तापलं तर बंद पडतं. एनव्हीडियाने जीटीएक्स ९६० साठी ९८ अंश, १०५० टीआयसाठी ९७ अंश आणि १०६० साठी ९४ अंश सेल्सियस ही कमाल मर्यादा दिली आहे. गेम मध्येच अडखळू लागतो, व्हिडिओ रेंडर व्हायला दुप्पट वेळ लागतो, ते यामुळेच.

पण हा आकडा फक्त मधल्या मुख्य चिपचा असतो. शेजारच्या मेमरी चिप आणि वीज पुरवणारे भाग किती तापले, हे अशा बऱ्याच जुन्या कार्डांवर दिसतच नाही. त्यांना वारा देणारा पंखाही तोच असतो. वीज साठवणाऱ्या छोट्या भागांबद्दल, म्हणजे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरबद्दल, जुना ठोकताळा आहे की दर दहा अंश वाढीला आयुष्य निम्मं होतं. म्हणून मेल बघायला, शाळेचा अभ्यास छापायला कॉम्प्युटर लावलात तर हरकत नाही, पण पंखा येईपर्यंत गेम आणि एडिटिंग बंद. मदरबोर्डवर डिस्प्लेचं सॉकेट असेल आणि प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स असेल तर कार्ड काढून ठेवा आणि मॉनिटर तिथे लावा, हे सगळ्यात बरं.

आमच्याकडे पंखे इतक्या लवकर का जातात? पुण्यातल्या चुलतभावाचं तेच कार्ड अजून व्यवस्थित आहे.

हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण पंखा बदलून कारण तसंच ठेवलं तर नवा पंखाही त्याच वाटेने जाणार.

पहिलं कारण मीठ. कळंगुट, मिरामार, कोलवा अशा किनाऱ्याजवळच्या घरांत हवेतून मिठाचे बारीक कण आत येतात. मिठाचा गुण असा की हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की ते हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतं. जून ते सप्टेंबर आपल्याकडे आर्द्रता त्या रेषेच्या वरच असते. म्हणजे कार्डावर बसलेला सुका थर पावसाळ्यात खाऱ्या पाण्याचा थर होतो. खिडकीच्या बिजागऱ्यांचं जे होतं तेच पंख्याच्या दांड्याचं, स्क्रूंचं आणि टाक्यांचं होतं. किनाऱ्यावरून आलेल्या कार्डाचे स्क्रू मी हातात घेतो तेव्हाच त्यांच्या रंगावरून घर कुठलं ते कळतं.

दुसरं कारण तांबडी धूळ. आमच्या डिचोली-सत्तरी-सांगे पट्ट्यात चिऱ्याची जमीन आणि खाणींचा इतिहास. ही माती लोह आणि ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडची, पिठासारखी बारीक. एप्रिल-मे महिन्यात ती दारं-खिडक्या बंद असल्या तरी येते. सुकी असते तेव्हा ती हीटसिंकच्या, म्हणजे चिपची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या, पट्ट्यांत भरून वारा अडवते, आणि बेअरिंगच्या तेलात शिरली की घासकागदासारखं काम करते.

तिसरं कारण घरातला धूर. कॉम्प्युटर देवघराच्या खोलीत असेल तर उदबत्ती आणि धुपाचा चिकट थर पात्यांवर बसतो. स्वयंपाकघराशेजारी असेल तर फोडणीची वाफ. धूळ एकटी असेल तर ब्रशने निघते. तेलात भिजलेली धूळ पात्याच्या एका बाजूला जास्त जमते, पंख्याचा तोल जातो आणि बेअरिंग एका अंगाने झिजतं.

पुण्याच्या चुलतभावाकडे धूळ असेल, पण समुद्राचं मीठ नाही.

तेल घालून जुनाच पंखा चालवता येईल का?

काही दिवसांसाठी येईल. स्टिकर सोलून खाली रबराचं बूच मिळालं तर त्याखाली बेअरिंग असतं. काही पंख्यांत बूच नसतं, पातं सरळ वर ओढलं की खटकन निघून हातात येतं. जुनी काळी चिकटण कापसाच्या काडीने पुसून शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब पुरे. दोन थेंब घातलेत तर जादा तेल उडून पात्यांवर आणि तिथून कार्डावर पसरतं.

खोबरेल घालू नका. घराघरात हाताशी असतं, आणि तेच घातलेली तीन-चार कार्डं माझ्याकडे आली आहेत. खोबरेल साधारण २४ अंशांखाली गोठतं. एसीच्या खोलीत किंवा जानेवारीच्या पहाटे ते बेअरिंगमध्ये घट्ट होतं, आणि जुनं झालं की डिंकासारखं चिकटतं. गंज सोडवायचे स्प्रेही नकोत. ते उरलंसुरलं वंगण धुऊन काढतात, दोन दिवस आवाज बंद होतो आणि मग पंखा कायमचा अडकतो.

माझं मत सांगतो. तेलाचा उपाय कुरिअर येईपर्यंतचा आहे. ज्याला एकदा तेल घातलं त्याच्यासाठी नवा पंखा त्याच दिवशी मागवावा.

नेमका कुठला पंखा मागवायचा?

इथे सगळ्यात जास्त चुका होतात. लोक कार्डाचं नाव टाकून शोधतात, ‘जीटीएक्स ९६० चा पंखा’, आणि जो पहिला दिसेल तो मागवतात. त्या नावाचा एकच पंखा नसतो. चिप एनव्हीडियाची किंवा एएमडीची, पण पंखा आणि प्लास्टिकचं कव्हर ठरवणारी कंपनी वेगळी. गिगाबाइटचा एक, झोटॅकचा दुसरा, आणि एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांत तिसराच.

म्हणून कार्डाचं नाव बाजूला ठेवा आणि पंख्याच्या मधल्या गोल स्टिकरवर काय लिहिलं आहे ते वाचा. तिथे पंखा बनवणाऱ्या कंपनीचा नंबर असतो, रोमन अक्षरांत. उदाहरणार्थ टी१२८०१०एसयू हा एव्हरफ्लोचा, पीएलडी१००१०एस१२एचएच हा पॉवर लॉजिकचा. अक्षर न् अक्षर तोच नंबर मिळाला तर फारसा विचार करायला नको. स्टिकर समोर नसेल तर मागच्या बाजूला असतो, त्यासाठी पंखा आधी काढावा लागतो. घाई करून अंदाजाने मागवू नका, काढा आणि वाचा.

त्या नंबरातले आकडेही काही सांगतात. ८०१० म्हणजे ८० मिलिमीटरच्या मापाचा, १० मिलिमीटर जाडीचा. पण पट्टीने मोजलंत तर पाती ७५ मिलिमीटरचीच भरतात. तसंच १००१० मध्ये पाती ९५ मिलिमीटरची. दुकानदार कधी पहिला आकडा सांगतो, कधी दुसरा, आणि इथेच गोंधळ होतो. फोनवर विचारताना ‘पात्यांच्या टोकापासून टोकापर्यंत किती?’ असंच विचारा.

नंबर पुसला गेला असेल तर पाच गोष्टी स्वतः मोजाव्या लागतात. पात्यांचा व्यास हा एक. दुसरं, स्क्रूच्या भोकांमधलं अंतर. बहुतेक पंख्यांना तीन भोकं त्रिकोणात असतात, त्यातल्या दोन भोकांचं मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर मिलिमीटरमध्ये घ्या. एक-दोन मिलिमीटरचा फरकही चालत नाही, स्क्रू बसतच नाही. तिसरं, वायरी किती: दोन, तीन की चार. चौथं, कनेक्टर. दोन पंख्यांच्या कार्डात दोन्ही पंख्यांच्या वायरी कधी एकाच कनेक्टरमध्ये येतात, त्यामुळे जोडीच घ्यावी लागते. पाचवं, पंखा कुठल्या दिशेने फिरतो. पाती कुठल्या बाजूला कललेली आहेत याचा फोटो काढून ठेवा आणि विकणाऱ्याच्या फोटोशी जुळवून बघा. 

स्टिकरवर १२ व्होल्ट आणि पुढे अँपिअरचा आकडा असतो, ०.३५ किंवा ०.४० असा काहीतरी. नव्या पंख्याचा आकडा जुन्याइतका किंवा कमी असावा. कार्डावरचा भाग तेवढाच भार पेलण्यासाठी केलेला असतो.

गोव्यात हा पंखा मिळेल कुठे?

पणजी, म्हापसा, मडगाव, फोंडा इथल्या दुकानांत कॅबिनेटचे पंखे, थर्मल पेस्ट (चिप आणि हीटसिंकच्या मधे लावायचा उष्णता वाहणारा लेप) सहज मिळतं. ग्राफिक्स कार्डाचा सुटा पंखा मात्र मी आजवर एकाही दुकानात काउंटरवर पाहिला नाही. दुकानदार मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मागवून देतो, किंवा तुम्ही स्वतः भारतातल्या ऑनलाइन विक्रेत्यांकडून घेता. अलीएक्सप्रेसवर भारतात नोव्हेंबर २०२० मध्ये बंदी आली, तेव्हापासून थेट चीनमधून मागवण्याची ती सोपी वाट राहिलेली नाही. मागवण्याआधी विक्रेत्याला जुन्या पंख्याच्या दोन्ही बाजूंचे आणि कनेक्टरचे फोटो पाठवा. जो फोटो बघून उत्तर देतो त्याच्याकडूनच घ्या.

कार्ड उघडून पंखा बदलायचा कसा?

एक मोकळी दुपार, चांगला उजेड, लहान प्लस तोंडाचे दोन स्क्रू ड्रायव्हर, एक चिमटा, पेंटचा मऊ ब्रश आणि स्क्रू ठेवायला वाट्या. प्रत्येक टप्प्याचे स्क्रू वेगळ्या वाटीत ठेवा, कारण लांबी वेगळी असते. लांब स्क्रू आखूड जागी पिळला तर तो बोर्डात घुसतो.

कॉम्प्युटर बंद करून मागची वायर काढा आणि पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा, उरलेली वीज निघून जाते. कार्डाला वेगळी सहा किंवा आठ पिनची वायर असेल तर तिचं क्लिप दाबून काढा. पाठच्या पत्र्याचा स्क्रू, मग स्लॉटच्या टोकाचं छोटं कुलूप, मग कार्ड. ते कुलूप न दाबता कार्ड ओढणारे बरेच भेटले. मदरबोर्डचा स्लॉट असाच तुटतो. पावसाळ्यात अंगावर स्थिर वीज फारशी साचत नाही, तरी कार्डाला हात लावण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावायची सवय ठेवा.

आता कार्ड जाड, स्वच्छ कापडावर पालथं ठेवा आणि नीट बघा. दोन प्रकार असतात. चांगल्या प्रकारात प्लास्टिकचं कव्हर कडेच्या चार-सहा स्क्रूंनी हीटसिंकला धरलेलं असतं. ते काढले की कव्हर पंख्यांसकट वर येतं आणि हीटसिंक जागचा हलत नाही. सफायरच्या नायट्रो प्लस मालिकेतल्या आरएक्स ४८० आणि ५८० वर तर याहून सोपं आहे: पंख्याचा एक स्क्रू काढला की पंखा बाहेर, वायर ओढायचीही गरज नाही. सगळ्या कंपन्यांनी असंच करायला हवं होतं. दुसऱ्या प्रकारात कव्हरचे स्क्रू हीटसिंकच्या खाली असतात, तेव्हा हीटसिंक उतरवण्यावाचून गत्यंतर नाही.

कव्हर उचलताना एकदम ओढू नका. पंख्याची वायर अजून बोर्डाला जोडलेली असते आणि ती जेमतेम लांब असते. दोन बोटं आत जातील एवढंच उचला, चिमट्याने कनेक्टरच्या प्लास्टिकला धरून डावी-उजवीकडे हलवत बाहेर काढा. वायरी धरून ओढल्यात तर बोर्डावरचं सॉकेटच उपटून येतं, आणि ते परत टाकणं घरी जमणारं काम नाही. वायर कुठून कशी फिरवली होती त्याचा फोटो आधीच काढा, आठवेल असं वाटतं पण आठवत नाही.

पंखा काढल्यावर हीटसिंक साफ करायची ही एकमेव चांगली संधी. ब्रशने पट्ट्यांच्या दिशेने धूळ काढा. चिकट थर असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये ब्रश बुडवून, आणि पूर्ण वाळू द्या, दमट दिवस असेल तर तासभर जास्त. ब्लोअर वापरणार असाल तर दुसरा चांगला पंखा बोटाने धरून ठेवा, कारण वाऱ्याने तो भलत्या वेगाने फिरला तर बेअरिंग खराब होतं.

नवा पंखा बसवताना तिन्ही स्क्रू आधी अर्धे पिळा, मग एकेक घट्ट. जोर नको, खाली प्लास्टिक आहे, आटे गेले की पंखा आयुष्यभर थरथरणार. वायर खाचेत बसवून पातं हाताने पूर्ण एक फेरा फिरवून बघा. कुठे वायर घासत असेल तर ती आत्ताच कळलेली बरी.

हीटसिंक उतरवावाच लागला तर?

मग थर्मल पेस्ट नवी लावल्याशिवाय परत बसवू नका, आणि हे काम सुरू करण्याआधीच पेस्ट घरात असू द्या. मधल्या चिपभोवतीचे चार स्प्रिंगवाले स्क्रू तिरक्या जोडीने थोडे थोडे सैल करायचे. हीटसिंक चिकटून बसला असेल तर उपसू नका. कार्ड दहा मिनिटं चालवून कोमट करा, परत बंद करून काढा आणि हलके पिळल्यासारखं फिरवा, सुटतो. मेमरीवरच्या मऊ पट्ट्या फाटल्या तर तेवढ्याच जाडीच्या घ्या. ०.५, १, १.५ मिलिमीटर अशा येतात. जास्त जाड पट्टी टाकली तर हीटसिंक मधल्या चिपवर टेकतच नाही, आणि पंखा नवा असूनही तापमान नव्वदीत जातं.

दोन पंख्यांपैकी एकच गेला आहे. दोन्ही बदलू का?

हो. दोघांचं वय एकच, हवाही एकच.

कनेक्टर जुळत नाही. वायरी कापून जोडल्या तर?

जमतं, पण रंगांवर विश्वास ठेवू नका. कॅबिनेटच्या चार वायरींच्या पंख्यात बहुधा काळी, पिवळी, हिरवी, निळी असते. ग्राफिक्स कार्डाच्या पंख्यात काळी, लाल, पिवळी, निळी दिसते. म्हणजे एका ठिकाणी पिवळी वायर १२ व्होल्टची आणि दुसऱ्या ठिकाणी तीच वेगाची खबर देणारी. नुसता रंग बघून जोडणाऱ्याचा पंखा तिथेच जातो. चारपैकी जमीन आणि १२ व्होल्ट या दोन वायरी पंखा चालवतात, तिसरी वेग सांगते, चौथी वेग कमी-जास्त करायचा हुकूम आणते. मल्टीमीटरने कार्डाच्या सॉकेटवर जमीन आणि १२ व्होल्ट शोधून घ्या, मगच कात्री हातात घ्या. सोपा मार्ग म्हणजे जुन्या पंख्याचा कनेक्टर दोन इंच वायरीसकट कापून नव्याला सोल्डर करणं, आणि प्रत्येक टाक्यावर उष्णतेने आकसणारी नळी. नुसती चिकटपट्टी आपल्या हवेत सहा महिन्यांत सुटते.

माझ्या कार्डाचा पंखा कुठेच मिळत नाही. आता?

मग कॅबिनेटचा पंखा बांधा. दिसायला ओबडधोबड, पण थंडाव्यात तो मूळ पंख्यापेक्षा बऱ्याचदा सरस ठरतो आणि आवाजही कमी करतो. हा पंखा म्हापशातही मिळतो, पुढच्या वेळी गेला तर दहा मिनिटांत बदलता येतो. किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांना मी आता मूळ पंखा शोधण्याऐवजी हाच उपाय आधी सुचवतो.

प्लास्टिकचं कव्हर आणि जुने पंखे पूर्ण काढा. नुसता हीटसिंक राहू द्या. लहान कार्डाला ९२ मिलिमीटरचा एक, लांब कार्डाला १२० मिलिमीटरचा एक किंवा ९२ चे दोन. वारा हीटसिंककडे जायला हवा. कॅबिनेटच्या पंख्याची ज्या बाजूला आधाराच्या काड्या दिसतात, वारा त्या बाजूने बाहेर पडतो, ती बाजू हीटसिंकला लावा. केबल टाय हीटसिंकच्या पट्ट्यांच्या फटीतून किंवा तांब्याच्या नळीखालून ओवा, बोर्डाभोवती आवळू नका. खालच्या बाजूला टाय दुसऱ्या स्लॉटला अडत नाही ना, ते बघा. पंख्यामुळे कार्डाची जाडी वाढते, खालचे दोन स्लॉट मोकळे हवेत.

वीज कुठून द्यायची? कार्डाच्या छोट्या सॉकेटमधून साध्या चार पिनमध्ये नेणारी तयार वायर मिळते. ती मिळाली तर कार्ड स्वतःच वेग सांभाळतं. नाही मिळाली तर मदरबोर्डच्या पंख्याच्या सॉकेटवर लावा. तिथे अडचण एवढीच की मदरबोर्ड प्रोसेसरचं तापमान बघून वेग ठरवतो, ग्राफिक्स कार्डाचं नाही. फॅनकंट्रोल नावाचं मोफत सॉफ्टवेअर ही गाठ सोडवतं, त्यात त्या पंख्याला ग्राफिक्स कार्डाच्या तापमानाशी बांधता येतं. तेही नको असेल तर बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, वेग ६० टक्क्यांवर कायमचा ठेवा.

बसवल्यावर सगळं ठीक आहे हे कसं समजायचं?

हेवन अर्धा तास चालवा आणि तापमान कुठे स्थिरावतं ते बघा. आकडा वाचताना खोलीचं तापमान वजा करून वाचा. परदेशी परीक्षणांतले आकडे बावीस-पंचवीस अंशांच्या खोलीत घेतलेले असतात, आपल्या मे महिन्यात खोलीच बत्तीस-तेहेतीसची. तिथे ६८ दिसलं आणि तुमच्याकडे ७६, तर तुमचा पंखा अगदी व्यवस्थित काम करतो आहे. आकडा थांबता थांबत नसेल, सारखा चढतच असेल, तर पंखा उलटा बसवला आहे किंवा हीटसिंक नीट टेकलेला नाही. फरमार्क हे चाचणीचं दुसरं सॉफ्टवेअर मी जुन्या कार्डांवर चालवत नाही. त्याचा भार रोजच्या वापराहून फार जास्त असतो आणि म्हाताऱ्या कार्डाला तो ताण देण्यात काही अर्थ नाही.

उन्हाळ्यात आणखी पाच-सहा अंश कमी हवे असतील तर एमएसआयच्या आफ्टरबर्नर या मोफत सॉफ्टवेअरमध्ये पॉवर लिमिट (कार्डाने किती वीज ओढायची ती मर्यादा) ८० टक्के करा. वेग किंचितच कमी होतो, पंख्याचा ताण बराच.

इतक्या जुन्या कार्डावर पैसे घालणं योग्य आहे का?

काम कोणतं, त्यावर आहे. ७५० टीआय, ९००, १००० या मालिकांसाठी एनव्हीडियाने नव्या गेमांचे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ नंतर देणं थांबवलं, पण सुरक्षेच्या दुरुस्त्या ऑक्टोबर २०२८ पर्यंत देणार असल्याचं जाहीर केलं आहे. नवे गेम खेळायचे असतील तर पैसे साठवा. नाटकाचं रेकॉर्डिंग कापायचं, ब्लेंडर शिकायचं, जुने गेम खेळायचे, तर १०५० टीआय अजून पुष्कळ देतं. ज्या मुलाकडे नवीन घ्यायला पैसे नाहीत त्याचं शिकणं एका पंख्यासाठी थांबू नये, असं मला मनापासून वाटतं. पडद्यावर रंगीत ठिपके किंवा उभ्या रेघा दिसत असतील तर मात्र चिप किंवा मेमरी गेली आहे, तिथे पंखा घेऊ नका.

पावसाळ्यात नवा पंखा टिकावा म्हणून काय करू?

कॉम्प्युटर रोज तासभर तरी चालू ठेवा. आतली ऊब ओलावा घालवते, महिनाभर बंद पडलेलं कार्ड जास्त गंजतं. कॅबिनेट जमिनीवर नको, भिंतीला टेकून नको, चिऱ्याच्या भिंतीतून ओल येते. समुद्राकडची खिडकी असेल तर कॅबिनेट त्या वाऱ्याच्या वाटेत ठेवू नका. उदबत्तीपासून लांब. गावाला जाणार असाल तर कार्ड काढून सिलिका जेलच्या पुड्यांसोबत घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. पुड्या जुन्या असतील तर आधी तव्यावर मंद आचेवर सुकवून घ्या. वर्षातून दोनदा ब्रश फिरवा: एकदा मेअखेर, तांबडी धूळ काढायला, आणि एकदा चवथ झाल्यावर.

काढलेल्या जुन्या पंख्याचं काय करायचं?

कचऱ्यात टाकू नका, ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. त्याआधी कनेक्टर वायरीसकट कापून, आणि तीन स्क्रू एका पिशवीत घालून ठेवा. शेजारच्या कुणाला तरी ते लागतील.